पुन्हा तेच पाप

चुकून एकदा घडलेल्या पापाविषयी मंडळीत मोकळेपणाने बोललं जातं. माणूस रडतो, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, प्रकरण मिटतं. अडचण होते ती तेच पाप घेऊन तिसऱ्यांदा, दहाव्यांदा आलेल्या माणसाची. त्याला स्वतःलाच यायची लाज वाटते आणि ऐकणाऱ्यालाही आता नवीन काय सांगावं ते सुचत नाही. कापसाचा चुकारा हातात पडला की दुकानाकडे वळणारे पाय, जेवताना मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर उठणारा हात, घर झोपल्यावर मोबाइलवर उघडलं जाणारं घाण चित्र, पोळ्याला गंमत म्हणून बसलेला आणि दिवाळी गेली तरी न उठलेला पत्त्यांचा डाव, गरज नसताना सहज तोंडातून निघणारं खोटं. ही यादी कामरगावची आहे, कारंज्याची आहे आणि पुण्या-मुंबईचीही आहे. हे छोटं पुस्तक त्या दहाव्यांदा आलेल्या माणसासाठी लिहिलं आहे. त्याच्याबरोबर राहणाऱ्यांसाठीही, कारण त्याच्या सवयीची किंमत बहुतेक वेळा तेच मोजतात.

वाशिम जिल्ह्यात ख्रिस्ती लोक थोडे. कारंजा म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, जैन मंदिरं आठवतात; मानोऱ्याकडे वळलं की पोहरादेवी. तरीही या मातीत ख्रिस्ती माणसाला सवयीच्या पापावर बोलायला परकं वाटू नये, कारण आपल्याकडे धार्मिक होणं आणि काहीतरी सोडणं यांची जोडी जुनी आहे. ज्याने माळ घातली त्याने मांस आणि दारू सोडली, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गळ्यातली माळ दिसते, म्हणून मित्रही आग्रह करत नाहीत. एकट्याच्या निश्चयाला गावाची साक्ष मिळते, हे त्या रिवाजातलं शहाणपण आहे. गाडगेबाबांनी हे फार नेमकं ओळखलं होतं. त्यांचे वडील दारूपायी अकाली गेले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पंगतीत गोडाचं जेवण वाढलं आणि नातेवाइकांचा रोष ओढवून घेतला. दारू एका माणसाच्या घशात जात असली तरी तिच्यामागे सोयरे, पंगत, मानपान आणि ‘आज एवढं चालतं’ म्हणणारी जमात उभी असते, हे त्यांनी घरात पाहिलं होतं.

मग ख्रिस्ती विश्वास यात वेगळं काय म्हणतो? सोडायला सांगतोच. पण सोडण्याच्या आधी एक गोष्ट ठेवतो, आणि या पुस्तकातलं सगळं विवेचन त्या क्रमावर उभं आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. दगड घेऊन आलेले एकेक करून निघून जातात. येशू आधी तिला सांगतो की मी तुला दोषी ठरवत नाही. यापुढे पाप करू नकोस हे तो त्यानंतर म्हणतो. आपण बहुतेक जण उलट क्रमाने जगतो. आधी सुधार, मग जवळ घेऊ. बाप मुलाला असंच वागवतो आणि मंडळीही पुष्कळदा तसंच करते. सवयीत अडकलेला माणूस या उलट्या क्रमात कधीच सुधारत नाही, कारण सुधारायला लागणारं बळ ज्या जवळिकीतून यायचं ती त्याला सुधारल्यावर मिळणार असते.

तरी प्रश्न उरतोच. विश्वास ठेवलेला माणूस पापापासून खरोखर सुटतो का? की मरेपर्यंत झगडतच राहतो? पवित्र शास्त्र इथे सोपं उत्तर देत नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय म्हणतो की आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. तिसरा अध्याय म्हणतो की देवापासून जन्मलेला पाप करत राहत नाही. पत्र एकच, लिहिणाराही एकच. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल जे करायचं ते करत नाही आणि जे नको तेच करतो म्हणून कळवळतो, आणि आठव्यात तोच मोकळा श्वास घेतो. मार्टिन ल्यूथरच्या परंपरेने सांगितलं की विश्वासी माणूस एकाच वेळी नीतिमान ठरवलेला आणि पापी असतो. जॉन वेस्ली अठराव्या शतकात म्हणाला की एवढ्यावर थांबू नका. पवित्र आत्म्याने अंतःकरण प्रेमाने इतकं भरू शकतं की जाणूनबुजून केलेलं पाप सुटतं. 1766 साली त्याने ख्रिस्ती पूर्णत्वावर पुस्तक लिहिलं. त्यात तो पापाची व्याख्या काळजीपूर्वक करतो. माहीत असलेल्या आज्ञेचा स्वेच्छेने केलेला भंग म्हणजे पाप. अज्ञान, विसर, चुकलेला अंदाज हे त्यात धरायचं नाही. स्वतःला ते पूर्णत्व लाभलं आहे असं मात्र वेस्लीने कधी म्हटलं नाही. मला त्याचं हे मौन त्याच्या सिद्धांताइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माझं मत सांगून टाकतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायावर थांबणाऱ्याला आपल्या सवयीसाठी एक धार्मिक सबब मिळते. सरळ आठव्यात उडी मारणाऱ्याला ढोंग करावं लागतं. दोन्ही प्रकारचे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत आणि दुसऱ्या प्रकाराचा बंदोबस्त जास्त अवघड आहे.

वेस्लीचं हे शिक्षण आपल्या वऱ्हाडात फार दुरून, पण बरंच लवकर आलं. अमेरिकेत 1860 साली फ्री मेथॉडिस्ट मंडळी वेगळी झाली. चर्चमधली बाकं पैशाने भाड्याने द्यायची नाहीत, गुलामगिरी मान्य करायची नाही आणि पवित्र जीवनाची शिकवण पातळ करायची नाही, असे त्यांचे आग्रह होते. त्या मंडळीचे अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे जोडपं 1881 साली हिंदुस्थानात उतरलं आणि बऱ्हाणपूरला राहिलं. पुढे यवतमाळ हे त्या मिशनचं मोठं केंद्र झालं. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आता बंद पडली आहे, पण यवतमाळ आपल्याला किती जवळचं होतं हे त्या अरुंद रुळांवरून अजून दिसतं. त्याच यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. मध्य भारतातले कितीतरी पाळक पवित्रीकरण, म्हणजे विश्वासी माणसाचं पवित्र होत जाणं, हा विषय पहिल्यांदा यवतमाळच्या उन्हात शिकले.

याच अर्नेस्ट वॉर्डची मराठी साहित्याशी एक गाठ आहे. नागपूरचं काम सुटल्यावर कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत वॉर्ड भेटले. बोलणं झालं, वॉर्डनी पवित्र शास्त्र हातात ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे कथा संपवण्याचा मोह प्रत्येक धर्मोपदेशकाला होतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ती तिथे संपू दिली नाही. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही दिसतात: तापट, लहरी, घरात उद्याला काय याचा विचार न करता हातातलं देऊन टाकणारे, आणि तरी वर्षांमागून वर्षं आतून मऊ होत गेलेले. नवऱ्याचा राग इतक्या हसत आणि इतक्या उघडपणे लिहिणारी दुसरी बाई त्या काळात शोधून सापडायची नाही. पवित्रीकरणावर मराठीत लिहिलेली जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. विषय कळायचा असेल तर त्यांच्याऐवजी ‘स्मृतिचित्रे’ वाचा, असं मी कोणालाही सांगेन.

त्या पुस्तकात लक्ष्मीबाईंचं स्वतःचं बदलणंही आहे, आणि ते मला नवऱ्याच्या बदलण्याहून जास्त शिकवणारं वाटतं. नवरा बाटला म्हणून त्यांनी काही वर्षं नातेवाइकांत, पंढरपुरासारख्या ठिकाणी काढली. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळं सुटलेलं नव्हतं. आपलं पाणी वेगळं, आपली चूल वेगळी. ते लहानपणापासून हातांत मुरलेलं होतं. देवापुढे माणसं सारखी, हे डोक्याला पटायला वेळ लागला नाही. हाताला वेळ लागला. हळूहळू एकेक कुंपण पडलं, आणि एकदा आतून निर्णय झाल्यावर त्या मागे वळल्या नाहीत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सवयीच्या पापाची यादी करताना आपण दारू, जुगार, व्यभिचार एवढंच मोजतो. शेजाऱ्याच्या हातचं पाणी नाकारणं हेही एक जुनं, रोजचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं सवयीचं पाप आहे, आणि ख्रिस्ती झालेल्या घरांतही सोयरीक जमवायच्या वेळी ते मान वर काढतं. या विषयाला मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. काहींना ते अप्रस्तुत वाटेल. वाटू दे.

पंडिता रमाबाईंकडे वळायला हवं, कारण या विषयाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग त्यांच्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावात झाला. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं होतं. चर्चमध्ये वर्षानुवर्षं उपदेश करूनही स्वतःचं परिवर्तन झालेलंच नव्हतं, असं तो माणूस त्यात सांगतो. संस्कृत पंडिता, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिलेली, विधवांसाठी ‘शारदा सदन’ चालवणारी बाई हे वाचते आणि स्वतःविषयी तेच मान्य करते. हे मान्य करणं मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठं वाटतं. आपण आतून बदललेलो नाही, हे बाहेरून यशस्वी असलेल्या माणसाने स्वतःशी कबूल करणं फार दुर्मीळ आहे.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. समाजाने ‘वाईट’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथेच ‘कृपा सदन’ निघालं. शतक पालटलं तेव्हा तिथल्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात होती. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत आत्मिक जागृती झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि 1905 च्या सुरुवातीपासून मुक्तीत मुलींची एक टोळी रोज प्रार्थना करू लागली होती. जूनच्या अखेरीस ते घडलं. 30 जूनला रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांतपणे बोलत होत्या. तोच अध्याय, ज्यात ती स्त्री आहे आणि पुढे पापाचा दास होण्याची आणि पुत्राने मोकळं करण्याची गोष्ट आहे. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. दिवसचे दिवस हे चाललं. जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांत त्याची वर्णनं आली आणि अजूनही संजीवन सभांत केडगावचं उदाहरण दिलं जातं.

उदाहरण देणारे बहुतेक जण त्या रात्रींपाशी थांबतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. मुक्तीत शेती होती, हातमाग होते, घाणा होता, दूध-दुभतं होतं, शाळा होती, छापखाना होता. अश्रू पुसून झाल्यावर त्या मुलींना पहाटे उठून दिवसभराचं काम होतं, आणि आजूबाजूला अशा बाया होत्या ज्यांना त्यांच्या कबुलीतला शब्दन्‌शब्द माहीत होता. लपवायला काही उरलं नव्हतं. रमाबाई पुढची सतरा वर्षं, 5 एप्रिल 1922 ला मृत्यू येईपर्यंत, पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला चिकटून बसल्या. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात छापून झालं. मूळ भाषा शिका, एकेक ओळ तपासा, छपाईच्या खिळ्यांची जुळवणी मुलींकडून करून घ्या. या कामात उन्माद कुठेच नाही. भावनेच्या लाटेत सोडलेली सवय लाट ओसरल्यावर परत येते, हे रमाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती.

वेस्लीलाही हे शिकवायची गरज नव्हती. त्याच्या छोट्या गटांचे नियम 1738 चे आहेत. दर आठवड्याला मूठभर माणसं बसायची आणि प्रत्येकाला विचारलं जायचं की मागच्या भेटीपासून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात. व्यासपीठावरची साक्ष आणि हे बसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस सुटकेविषयी बोलतो आणि सगळे हालेलुया म्हणतात. पंधरा दिवसांनी तो पुन्हा घसरला तर? मग त्याला दोनच वाटा उरतात. खोटी साक्ष देत राहायचं किंवा उपासनेला यायचं बंद करायचं. पवित्र जीवनाची शिकवण देणाऱ्या मंडळ्यांनी या दोन्ही वाटांवर किती माणसं घालवली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. याकोबाचं पत्र एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. चारशे लोकांसमोर माइकवर सांगायला नव्हे. कॅथलिक मंडळीने हे काम पापनिवेदनाच्या संस्कारात बसवलं. आम्हा प्रॉटेस्टंटांनी त्यातल्या त्रुटी बरोबर दाखवल्या आणि त्याच्या जागी पुष्कळदा काहीच ठेवलं नाही.

सवय कशी बनते याचं सर्वांत नेमकं वर्णन अजूनही ऑगस्टीनचं आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ‘कबुलीजबाबा’त तो कड्या मोजतो: वाकडी झालेली इच्छा, तिच्यातून वासना, वासनेला शरण गेल्यावर सवय, आणि सवयीला विरोध न केल्यावर निरुपाय. त्याच पुस्तकात त्याच्या आईची, मोनिकेची, एक छोटी गोष्ट आहे. मुलगी असताना तिला घरच्या पिंपातून मद्य काढून आणायला पाठवत. ओतण्याआधी ती ओठ लावून घोटभर घ्यायची, मग हळूहळू पेलाभर. एके दिवशी बरोबरच्या दासीशी भांडण झालं आणि दासीने तिला दारुडी म्हणून टोमणा मारला. मोनिकेला ते लागलं आणि तिने त्याच क्षणी सोडलं. दासीचा हेतू दुखवण्याचा होता, आणि देवाने तिच्या रागातूनही औषध काढलं, असं ऑगस्टीन म्हणतो. मला यात आणखी एक दिसतं: सवय तोपर्यंतच टिकली जोपर्यंत ती कोणी तोंडावर बोलून दाखवली नव्हती. आणि ऑगस्टीन स्वतः? बाप्तिस्मा 387 साली. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, बिशप झाल्यावर, त्याच पुस्तकाच्या दहाव्या खंडात तो आपल्याला अजून कोणते मोह छळतात ते एकेक करून सांगतो. मोह येणं आणि गुलाम असणं या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ओळखल्या. तेवढा फरक कळला तरी पुष्कळ निराशा टळते.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी प्रस्तावनेतच सांगायला हवी. दारूचं व्यसन पाप आहे की आजार, असा वाद घालणाऱ्यांना मी विचारतो की दोन्ही का नसावं? वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेतून घरी जाऊन एकदम दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला भूत लागलं समजून कोंडून ठेवणं हा अपराध आहे. त्याला डॉक्टरकडे न्या आणि प्रार्थना तिथे, खाटेजवळ करा. पुण्यात 1986 साली अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभं केलं. तिथे उपचारानंतरचा पाठपुरावा आणि एकमेकांना आधार देणारे गट यांवर भर राहिला. अशा गटांची जगभरची चाल 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली, आणि तिच्या मागे एकमेकांजवळ कबुली देणाऱ्या एका ख्रिस्ती चळवळीची शिकवण होती. म्हणजे मंडळीने टाकून दिलेली गोष्ट दवाखान्याने सांभाळून ठेवली. कायद्याचा उपायही आहे: आमच्या विदर्भात वर्ध्याला दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीसाठी झगडलेल्या बायांविषयी मला आदर आहे. दुकान दूर गेलं तर नव्याने लागणारे वाचतात. लागलेल्याला मात्र बरोबर बसायला माणूस लागतो.

पुस्तकाची मांडणी थोडी विचित्र आहे, ती सांगतो. सुरुवात दारूपासून केलेली नाही, रागापासून केली आहे. पानठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्याला आणि गुत्त्यावरून परतणाऱ्याला गाव ओळखतं. रागीट ख्रिस्ती बापाला मात्र ‘कडक शिस्तीचा’ म्हणून मान मिळतो, त्यामुळे त्याला कधी कोणी थांबवत नाही. त्यानंतर खोटं, मग मोबाइल, मग जात, मग पैसा, आणि शेवटी व्यसन. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस काही प्रश्न आहेत. ते एकट्याने वाचून उत्तरं वहीत लिहिण्यासाठी नाहीत. दोन किंवा तीन जणांनी एकत्र बसून मोठ्याने वाचण्यासाठी आहेत. पुरुषांनी पुरुषांबरोबर बसावं, बायांनी बायांबरोबर. ऐकलेलं घरी जाऊन नवऱ्याला-बायकोलाही सांगू नये. एकाने तरी दुसऱ्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी फोन करावा. पाळकच हवा असं नाही, आणि पाळकालाही बसायला कोणीतरी हवं असतं.

ज्यांच्या घरी मारहाण चालू आहे त्यांनी रागाचं प्रकरण मारणाऱ्याला वाचून दाखवत बसू नये. आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित जागी जावीत, मग बाकीचं. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नाही. हे वाक्य त्या प्रकरणात आहे, पण इतक्या उशिरा सांगून चालणार नाही म्हणून इथेही लिहिलं. आणि ज्याला रोजची दारू आहे त्याने क्रम सोडून सरळ शेवटचं प्रकरण उघडावं. त्याच्या पहिल्या पानावर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना काय काय खरं सांगायचं ते लिहिलं आहे: किती वर्षं, रोज किती, शेवटची कधी घेतली, आणि आधी कधी सोडताना हात थरथरले होते का.